६०० किलोमीटर, सहा माणसे, सहा पट्टे

गेल्या महिन्यात आम्ही सहा जण आमच्या सात आसनी गाडीतून दोन दिवसांत सुमारे ६०० किलोमीटरचा प्रवास करून आलो. गाडीत मी, माझे पती, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, ९ वर्षांची मुलगी, १४ महिन्यांचा मुलगा आणि कॉलेजात शिकणारा भाचा असे होतो. वाट आधी रुंद महामार्गाची, मग घाटाची आणि शेवटी अरुंद वळणावळणांच्या रस्त्याची होती, आणि त्यातला बराचसा भाग पावसात कापावा लागला. वाटेत काय पाहिले याविषयी येथे लिहीत नाही. इतक्या वेगवेगळ्या वयांची माणसे एकाच गाडीतून सुखरूप न्यायची म्हणजे काय काय बघावे लागते, हे या दोन दिवसांत जेवढे लख्ख समजले तेवढे इतकी वर्षे गाडी चालवूनही समजले नव्हते, म्हणून तान्ही मुले आणि वडीलधारी माणसे घेऊन निघणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. अपघाताच्या क्षणी चालकाच्या हाती फार थोडे उरते. कोण कुठे आणि कसे बसले आहे, हे गाडी दारात उभी असतानाच ठरून गेलेले असते.

आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना गाडीत बसवून पाहिले. यजमानांना तो खटाटोप वाटला, पण त्या अर्ध्या तासाने पुढचे सगळे सोपे केले. सासूबाईंची उंची कमी आहे. मधल्या ओळीत बसल्या की पट्टा त्यांच्या मानेला घासायचा, आणि म्हणून त्या तो काखेखालून घ्यायच्या. हे त्या कित्येक वर्षे करत आल्या होत्या आणि आमच्यापैकी कुणीही त्याकडे लक्ष दिलेले नव्हते. आज सर्व गाड्यांत असतो तो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वो कंपनीतील अभियंता नील्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला. त्यामागचा विचार असा की धक्क्याचा भार शरीराच्या मजबूत हाडांवर यावा: वरचा पट्टा गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून छातीवर उतरावा आणि खालचा पट्टा पोटावर न चढता कमरेच्या हाडांवर घट्ट बसावा. तोच काखेखालून घेतला की सगळा भार बरगड्यांवर आणि त्यांच्या आतल्या नाजूक अवयवांवर येतो. आमच्या गाडीत पट्ट्याची वरची कडी वरखाली करण्याची सोय फक्त पुढच्या आसनांना आहे, म्हणून सासूबाईंना पुढे बसवले, कडी सर्वांत खालच्या खाचेत आणली आणि समोरच्या एअरबॅगपासून पुरेसे अंतर राहावे म्हणून आसन मागे सरकवले. पाठ टेकण्याचा भाग मात्र सरळच ठेवला. आराम वाटावा म्हणून तो फार मागे झुकवला, तर धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो.

मुलगी १२८ सेंटिमीटर उंचीची आहे. ती स्वतःला मोठी समजते आणि उंच करणारी बूस्टर सीट तिला नको होती. मी तिला आधी बूस्टरशिवाय आणि मग बूस्टरवर बसवून पट्टा कुठून जातो ते आरशात दाखवले. पहिल्या वेळी तो गळ्यावरून आणि पोटावरून जात होता, दुसऱ्या वेळी खांद्यावरून आणि मांड्यांच्या मुळाशी. त्यानंतर तिने वाद घातला नाही. मुलांना नुसते बजावण्यापेक्षा हे असे प्रत्यक्ष दाखवणे फार उपयोगी पडते.

सर्वांत जास्त वेळ लागला तो धाकट्याच्या आसनाला. एवढ्या लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान कोवळी असते, त्यामुळे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असेल असेच आसन त्याला हवे. समोरून धडक बसली तर डोके, मान आणि पाठ या सगळ्यांना एकदम आधार मिळतो. असे आसन पुढच्या सीटवर, चालू असलेल्या एअरबॅगसमोर, कधीही लावू नये. एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याआधीच फुगते आणि तिचा तडाखा थेट आसनाच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे बसतो. आमचे आसन आयसोफिक्सचे आहे, म्हणजे ते गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांत थेट अडकते. दोन्ही आकडे अडकल्यावर खट् असा आवाज आला आणि खुणेचा रंग हिरवा झाला तरच ते बसले असे समजावे. त्याला पुढून जमिनीवर टेकणारा एक पाय असतो. येथे मला एक चूक सापडली: आमच्या गाडीत मधल्या ओळीच्या पायांखाली सामान ठेवण्याचा झाकणाचा कप्पा आहे आणि आसनाचा पाय नेमका त्या पोकळ झाकणावर टेकत होता, जे धडकेत खचले असते. गाडीची पुस्तिका उघडून पाहिली, तर त्या जागी असा पाय टेकवू नये असे स्पष्ट लिहिलेले होते. आसन दुसऱ्या बाजूला हलवले, तेथे खाली कप्पा नाही. आसन बसवल्यावर ते मुळाशी धरून हलवून पाहावे. दोन-अडीच सेंटिमीटरहून जास्त हलता कामा नये. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहावा; त्याची घडी चिमटीत आली तर तो सैल आहे. जाड कोट किंवा जाकीट घालून मुलाला पट्ट्यात अडकवू नये, कारण धक्क्यात ते कापड चेपते आणि मधली सगळी जागा मोकळी होते. थंडी वाजत असेल तर पट्टा बांधून झाल्यावर वरून पांघरूण घालावे.

भाचा तिसऱ्या ओळीत होता. त्याच्यामागची डोके टेकायची उशी मी एरवी मागचे नीट दिसावे म्हणून खाली दाबून ठेवते. मागून धडक बसल्यास मान वाचते ती त्याच उशीमुळे, आणि तिचा वरचा काठ निदान कानांच्या वर, शक्यतो डोक्याच्या माथ्याच्या पातळीत हवा. ती वर केली. आतल्या आरशात थोडे कमी दिसले ते मी बाहेरच्या दोन आरशांवर भागवले.

टायरची हवा पहाटे, गाडी हलण्यापूर्वी पाहिली. चाके तापल्यावर दाब वाढलेला दिसतो आणि अंदाज चुकतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात सहसा दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. सहा माणसे आणि सामान असताना दुसराच पाहावा. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांवरून तो केव्हा तयार झाला ते कळते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. आमच्या चार टायरांचे साल ठीक निघाले, पण स्टेपनीत हवा अगदीच कमी होती. ती तशीच राहिली असती तर दुसऱ्या दिवशी आमची पंचाईत झाली असती.

सामानापैकी जड बॅगा सर्वांत खाली, आसनांच्या पाठीला चिकटवून ठेवल्या आणि वर जाळी ओढली. टपावर काही बांधले नाही, कारण उंचावरच्या वजनाने गाडी वळणावर आणि वाऱ्यात जास्त झुकते. आतल्या सुट्या वस्तूंबद्दल मात्र मी तितकी काटेकोर राहिले नाही, आणि त्याचा प्रत्यय लवकरच आला.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास पाऊस सुरू झाला. कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून मी निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवते आणि पावसात चार सेकंदांचे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात मोजायला लागायचे. आपण त्याच खांबाशी येईपर्यंत किती सेकंद गेले ते कळते. ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग असताना समोरच्या मालमोटारीने एकदम ब्रेक लावले. मी ब्रेक पूर्ण दाबला. पायाखाली पेडल थरथरले, करकर असा आवाज आला, आणि यजमान मागून ओरडले, ‘ब्रेक गेला का?’ ब्रेक गेलेला नव्हता. चाके अडकून घसरू नयेत म्हणून एबीएस ही यंत्रणा आपोआप ब्रेक सोडत-धरत होती आणि त्यामुळेच ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग वळत होते. ती थरथर लागली म्हणून दचकून पाय उचलणारे चालक मी पाहिले आहेत. पाय उचलू नये, दाब तसाच ठेवावा. मालमोटारीच्या मागे दोन गाड्यांएवढे अंतर राखून आम्ही थांबलो.

त्याच क्षणी मागून काहीतरी ठणठणत आले. मुलीने पाणी पिऊन स्टीलची बाटली मांडीवर ठेवली होती. ती पुढच्या सीटखालून सुटून थेट माझ्या टाचेला लागली आणि ब्रेकच्या पेडलपासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. ती बाटली पेडलच्या मागे अडकली असती तर पुढच्या वेळी ब्रेक दाबलाच गेला नसता. ताशी ५० किलोमीटर वेगाने होणारी धडक सुमारे १० मीटर उंचीवरून पडण्याएवढी असते. त्या वेगात भरलेली बाटली काय करील आणि मांडीवर धरलेले बाळ हातांत राहील का, याचा विचार ज्याने त्याने करावा. पुढच्या सुरक्षित जागी गाडी थांबवून सर्व सुट्या वस्तू दारांच्या कप्प्यांत आणि बॅगांत टाकल्या. सासूबाईंच्या खांद्यावर पट्ट्याची पुसटशी लाल रेघ उमटली होती. ती हाडाच्या मध्यावर होती, मानेवर नव्हती.

जेवणानंतर, दुपारी अडीचच्या पुढे, मला एक वेगळीच गोष्ट जाणवली. डुलकी लागली नव्हती, पण नुकताच गेलेला फलक कोणता होता ते आठवेना. झोप येत असल्याची ही खूण आहे, आणि काच उघडणे किंवा गाणी मोठ्याने लावणे हा तिच्यावरचा उपाय नाही. ताशी ९० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. तीन सेकंद डोळे मिटले तर ७५ मीटर कुणीच गाडी चालवत नसते. मी थांबले, कॉफी घेतली आणि लगेच वीस मिनिटे झोपले. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर झोप होते. मुले आजीबरोबर बाहेर सावलीत होती. बंद गाडीत मुलांना ‘पाचच मिनिटे’ म्हणूनही ठेवू नये, कारण उन्हात वीस मिनिटांत आतले तापमान सहज दहा अंशांनी चढते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. त्यानंतर यजमानांनी गाडी घेतली. चालक बदलला की आसन, आरसे आणि डोक्यामागची उशी पुन्हा जुळवावी. ते दोन मिनिटांचे काम आहे आणि बहुतेक जण तेवढेच टाळतात.

घाट उतरताना आम्ही जुना नियम पाळला: ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवता येतो. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवला तर ते तापत जातात आणि त्यांची पकड कमी होते. त्यापेक्षा वेग वाढला की ठामपणे ब्रेक लावून तो उतरवावा आणि पाय पूर्ण काढावा. जळकट वास आला तर जागा पाहून थांबावे आणि ब्रेक थंड होऊ द्यावेत. धुके आणि पावसात समोरून कित्येक गाड्या चारही इंडिकेटर चालू ठेवून येत होत्या. असे करू नये, कारण मग ती गाडी वळणार आहे की थांबलेली आहे हे कुणालाच कळत नाही. साधे दिवे लावणे पुरेसे असते.

दुसऱ्या दिवशी महामार्गावर मागचे चाक बसले. गाडी कडेला घेऊन वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने सगळे उतरलो आणि कठड्यापलीकडे, गाडीपासून थोडे मागे जाऊन उभे राहिलो. बाळ झोपले होते आणि त्याला आतच राहू द्यावे असे यजमानांना क्षणभर वाटले, पण उभ्या गाडीवर मागून धडक बसण्याचा धोका अशा वेळी सर्वांत मोठा असतो, म्हणून त्याला आसनातून काढून बाहेर घेतले. भाच्याने लाल त्रिकोण समोर धरून तो ५० मीटरहून जास्त मागे नेऊन ठेवला. नट जॅक लावण्यापूर्वीच अर्धा फेरा सैल करावेत, नंतर समोरासमोरचे आवळावेत, आणि सुमारे ५० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत. आमचा एक नट खरोखरच थोडा सैल झालेला सापडला.

घरी आल्यावर सामान उतरवून टायरची हवा पुन्हा थोड्या माणसांच्या आकड्यावर आणली. धाकट्याच्या आसनाचे पट्टे पाहिले, तर त्याचे खांदे पट्ट्याच्या खाचेच्या बरेच वर गेले होते. मागे तोंड असलेल्या आसनात पट्टा खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून यावा लागतो, म्हणून तो एक खाच वर घेतला.