भाच्याचा प्रश्न
दारव्ह्यात आज सकाळपासून लाइट नव्हती, म्हणून लॅपटॉप घेऊन बहिणीकडे गेलो. भाच्यानं विचारलं, "मामा, तू वेबसाइट बनवतं, मंग फ्रंट-एंडवाला काय वेगळं करते?"

त्याला कापसाच्या भावाचं पान उघडून दाखवलं. फिग्मा या डिझाइनच्या अ‍ॅपमधलं चित्र एचटीएमएल-सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचा सांगाडा आणि रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, उतरवायचं, ३६० पिक्सेलच्या मोबाइलवरही तक्ता फुटू द्यायचा नाही, ओळी इतक्या जवळ आणायच्या नाहीत की वेलांट्या कापल्या जातील. हे लेआउट कोडरचं काम, आणि मी इतकी वर्षं तेच केलं. २०१७ मध्ये ब्राउझरांत सीएसएस ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांत पान मांडायची सोय, आलं तेव्हा केवढा आनंद झाला होता! या कामाला हलकं म्हणतात ते मला कधीच पटलं नाही.

पण सर्व्हरवरून भाव येईपर्यंत काय दिसावं, तालुका निवडला की तेवढाच तक्ता कसा बदलावा, हे जावास्क्रिप्टचं, म्हणजे पान हलतं-बदलतं ठेवणाऱ्या कोडचं, काम. फ्रंट-एंड डेव्हलपरचं.

बोलता बोलता रेंज गेली, अन् पान पांढरं पडलं. वावरात उभ्या माणसालाही हेच दिसणार! जीव कासावीस झाला.

रात्री बसून शेवटचा आलेला भाव मोबाइलमध्येच साठवला, खाली तारीख-वेळ टाकली. भाच्यानं नेट बंद करून पाहिलं.

"आता बराबर हाय, मामा."