दुहेरी कुलूप

"सर, आंगठो बधिर झालो."

मालवणकडचा तरुण शिपाई, सरावात आरोपी झालेला. आषाढाचा पाऊस, मैदानावर जांभ्या मातीचा चिखल, म्हणून मी हॉलमध्ये चटया टाकून बेडी घालण्याचा वर्ग घेत होतो. जोडीदाराने त्याला पालथं पाडून, हात मागे घेऊन, तळवे बाहेरच्या बाजूला ठेवून बेडी लावली. इथवर सगळं बरोबर. उठताना तो कुशीवर कलंडला आणि उजवी बेडी दोन दाते आत सरकली.

दुहेरी कुलूप लावलंच नव्हतं! किल्लीवरच्या टोचणीने खीळ दाबली की दातेरी पट्टी पुढेही सरकत नाही आणि मागेही. दोन सेकंदांचं काम, पण झटापटीत हमखास राहतं. अंगठ्याकडच्या बाजूला एक मज्जातंतू मनगटाच्या हाडावरून अगदी कातडीखालून जातो. बेडी आवळली की तोच चेपतो. काहींची ही बधिरता महिनोन्महिने जात नाही.

किल्ली घातली, तर फिरेना. खाऱ्या दमट हवेने आत गंज धरलेला. मी त्याला बसवलं. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन राहिलं तर छाती फुलायला जागाच उरत नाही, हे मी प्रत्येक वर्गात ओरडून सांगतो. कोणीतरी धावत जाऊन हत्यारं पुसायचं तेल आणलं. चार-पाच मिनिटांत बेडी सुटली, पण तेवढ्या वेळात मला घाम फुटला. सरावात ही गत, तर रात्री घाटात, गाडीत काय झालं असतं?

एक जुने हवालदार म्हणाले, "सर, आता नव्या कायद्यात बेडीला परवानगी आहे ना?"

आहे. १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) मध्ये. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, अशा ठरावीक प्रकरणांत. पण घालता येते, घालायलाच हवी असं नाही. सरसकट बेडी घालू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच प्रेमशंकर शुक्ला खटल्यात बजावलंय. पळून जाऊ नये यासाठी लागेल तेवढंच बंधन, हे कलम ४६ सांगतं.

दुपारी सगळ्या बेड्या टेबलावर काढायला लावल्या. सात बेड्यांची खीळ दबतच नव्हती. त्या कपाटात परत जाऊ दिल्या नाहीत.

जेवणानंतर अंगठ्याची बधिरता गेली तसा तो पोरगा स्वतःहून पुढे आला. हवालदारांनी बेडी घातली, फटीत बोट घालून पाहिलं, खीळ दाबली. तो मुद्दाम कुशीवर पडला.

"किती दाते सरकले?" मी विचारलं.

"एकव नाय, सर."