गूळ खाली, मीठ वर

"आमचा आजा गुळाच्या ढेपा घिऊन ह्याच रस्त्यानं कोकणात उतरायचा. येताना मीठ आणि सुकी मासळी."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुधाळ तिट्ट्यावर चहा घेताना शेजारच्या आजोबांनी एवढंच सांगितलं. मग त्यांची गारगोटीची एसटी आली आणि ते गेले. माझ्या डोक्यातून मात्र ते मीठ जाईना.

तो रस्ता म्हणजे निपाणी-देवगड रस्ता. मुधाळ तिट्ट्याला कोल्हापूर-गारगोटी रस्ता ओलांडतो, राधानगरीत शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणाच्या अंगाने जातो, दाजीपूरच्या जंगलात शिरतो (1958 पासूनचं अभयारण्य, गव्यांचं घर) आणि फोंडा घाटातून एकदम खाली. पुढे फोंडा, नांदगाव तिठा, देवगड.

एका टोकाला तंबाखूची पेठ, दुसऱ्या टोकाला बंदर. मधे सह्याद्री. बैलांनी तो घाट कसा चढला असेल, तेही मिठाची पोती घेऊन! 1956 ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली, म्हणजे आताच्या कर्नाटकात. राज्याची हद्द आडवी आली, पण माणसांचं आणि मालाचं जाणं-येणं थांबलं नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आपण गडांचा इतिहास तोंडपाठ म्हणतो, म्हणायलाच हवा. पण ज्या रस्त्याने घरात मीठ आलं, त्याच्या आठवणी फक्त ऐंशी-नव्वदीतल्या माणसांकडे उरल्यात. त्या लिहून ठेवायला हव्यात, आणि लवकर.

राधानगरी, भुदरगड, कागल, फोंड्याकडचे कोणी आहात का इथे? तुमच्या घरातलं कुणी हा घाट बैलगाडीने उतरलंय का? काय न्यायचे, मुक्काम कुठे पडायचा?