टिनिक्लिंग अपडेट : नाच बाजूला, सध्या बांबू आपटतेय

मागच्या अपडेटला टिनिक्लिंगची, म्हणजे आपटत्या बांबूंमधून पाय वाचवत करायच्या फिलिपिनो नाचाची, बेसिक स्टेप बसली म्हणून लिहिलं होतं, आता पुढचा टप्पा स्पीड असेल असं वाटलेलं, पण कुयांनी (कुया म्हणजे दादा, ग्रुपमध्ये वयाने मोठ्या प्रत्येक पुरुषाला हेच) मला बांबूवर बसवलंय. नाचणाऱ्यांच्यात नाही, आपटणाऱ्यांच्यात. आधी थोडा राग आला, खरं सांगते.

नवीन लोकांसाठी: मी डेली सिटीत राहते, सॅन फ्रान्सिस्कोला खेटून. फिलिपिनो वस्ती भरपूर, अमेरिकेतलं पहिलं जॉलिबी (फिलिपिनो फास्टफूडची साखळी) १९९८ मध्ये इथेच उघडलं यावरून समजा. ग्रुपमधल्या बऱ्याच जणी नर्स, शिफ्ट संपवून थेट प्रॅक्टिसला येतात, बाकी त्यांची इथेच जन्मलेली मुलं आणि दोनतीन लोला, म्हणजे आज्या. मराठी मी एकटीच, शाळेतल्या लेझीमच्या जोरावर घुसलेय.

तर बांबू. टिनिक्लिंग फिलिपाइन्समधल्या लेयते बेटाकडचा नाच, टिकलिंग नावाचा पक्षी भातशेतीतल्या सापळ्यांतून पाय उचलत पळतो त्याची नक्कल. बांबू साधारण नऊ फुटी, खाली दोन आडव्या फळ्या, दोन्ही टोकांना एकेक जण बसलेला. ताल तीनचा, एकला बांबू एकमेकांवर आणि दोन-तीनला उघडून फळीवर. नाचणारा एकला बाहेर, दोन-तीनला आत. वाचायला सोपं आहे. पण लेझीम आणि ढोलताशावर वाढलेलं शरीर सारखं चारावर जायला बघतं, मग मी डोक्यात दादरा लावला, धा धिं ना, धा तिं ना, आणि गाडी रुळावर आली. ज्यांना तीनचा ताल जड जातो त्यांनी हे करून बघाच.

पकड महत्त्वाची. बोटं बांबूच्या वरून आणि बाहेरून, आतल्या बाजूला एकही बोट नको, नाहीतर बांबू मिटताना चेचणार. समोरच्या टोकाच्या माणसाशी नजर जुळलेली पाहिजे, नाचणाऱ्याच्या पायांकडे बघायचंच नाही. पाय बघून आपटलं की आपण त्याची वाट बघायला लागतो आणि ताल ढिला पडतो, त्यापेक्षा मी घड्याळासारखं आपटत राहते आणि पाय वाचवणं ही त्याची जबाबदारी! शेवटी स्पीड वाढतो तोही आपटणारेच वाढवतात. टाळ्या सगळ्या पायांना पडतात पण नाच चालवतो आम्ही खाली बसलेले, हे मला आता कळतंय, आणि कुया नव्या माणसाला आधी इथे का बसवतात तेही.

बांबू चिरतात म्हणून टोकांना टेप गुंडाळतो. शाळांतून पीव्हीसी पाइप वापरतात, सोयीचं आहे, पण तो टकटक आवाज मला झेपत नाही.

एक वाद पण चालू आहे. ऑक्टोबरमध्ये फिलिपिनो अमेरिकन हिस्टरी मंथचा कार्यक्रम, त्यात सिंगकिल घ्यायचं का. बांबूच्या दोन जोड्या एकमेकींना छेदून, मधून राजकन्या पंखे घेऊन जाते, दिसायला जबरदस्त. पण हा नाच फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडच्या मिंडानाओ बेटावरच्या मारानाव मुस्लिमांचा, मूळ त्यांच्या दारांगेन महाकाव्यात, आणि जगभर जे बघितलं जातं ते बायानिहान या फिलिपिनो नृत्य कंपनीने स्टेजसाठी बसवलेलं रूप. बायानिहान १९५७ ची, १९५८ ला ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात गाजली आणि परदेशातले ग्रुप तेव्हापासून तोच साचा गिरवतायत. आमच्यात मारानाव एकही नाही. माझं मत, करा, पण निवेदनात मारानावांचं नाव घ्या आणि हे स्टेजचं रूप आहे हेही सांगा, नुसतं ‘मुस्लिम नाच’ म्हणून उरकू नका. पोरांना पटतंय, लोलांना कटकट वाटतेय. (जाता जाता, मारानावांकडे महाराडिया लावाना नावाची कथा आहे, म्हणजे आपला रावण. हे कळल्यापासून मी ग्रुपमध्ये फार भाव खाते.)

अशा वादात सगळे शेवटी फ्रान्सिस्का रेयेस-अकिनोंच्या नोंदींकडे वळतात. या बाईंनी १९२० च्या दशकात गावोगाव फिरून नाच उतरवून घेतले, १९२६ चा एमएचा प्रबंधच त्यावर, कुठला पाय कितव्या मात्रेला इथपर्यंत. लोलांना एखादी स्टेप आठवत नसली की पुस्तक उघडतं, आणि पुस्तक आणि लोला जुळले नाहीत तर आमच्याकडे लोला जिंकतात.

पुढचं टार्गेट पांदांग्गो सा इलाव, फिलिपाइन्समधल्याच मिंडोरोजवळच्या लुबांग बेटाचा नाच, डोक्यावर एक आणि दोन्ही हातांच्या पाठीवर एकेक दिवा. हॉलमध्ये खरी ज्योत चालत नाही म्हणून ग्लासात बॅटरीची मेणबत्ती असणार, सध्या घरी अर्धा पाणी भरलेला स्टीलचा पेला घेऊन सराव, काचेचा नवऱ्याने कपाटात बंद केलाय. हात जमतायत. डोक्यावरचा मात्र वळताना सरकतो, मान आखडते. भरतनाट्यम किंवा डोक्यावर घागर घेऊन नाच करणाऱ्या कुणी इथे असाल तर सांगा, वळताना नजर कुठे ठेवता? आणि तासभर गुडघ्यांवर बसायला कुठले नीपॅड चांगले तेही.