मार्क ट्वेनचा उपदेश घाईत वाचू नये

"राग आला तर चारपर्यंत मोजा, फार राग आला तर शिव्या द्या." अमेरिकी विनोदी लेखक मार्क ट्वेनचं हे वाक्य मराठीत आणताना चारचे दहा करायचा मोह होतो, कारण दहापर्यंत मोजायचा सल्ला आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. तो मोह आवरायला हवा. सगळी खोच त्या चारमध्ये आहे.

अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८२५ साली एका लहान मुलासाठी आचरणाचे दहा नियम लिहून दिले होते. त्यातला शेवटचा नियम असा की राग आला तर बोलण्याआधी दहा मोजावेत, फार राग आला तर शंभर. ट्वेनने वाक्याची घडण तशीच ठेवली, दहाचे चार केले आणि शंभराच्या जागी शिव्या बसवल्या. मूळ नियमात राग वाढतो तसा संयमही वाढतो. ट्वेनच्या नियमात संयम आधीच निम्म्याहून कमी झालेला आहे आणि पुढच्या पायरीवर तो संपतोच. माणूस खरोखर असाच रागावतो, म्हणून हसू येतं. "दहा मोजा, नाहीतर शिव्या द्या" असं केलं की उरतो तो साधा चावटपणा.

ट्वेनचा उपदेश बहुतेक वेळा असाच, आधीपासून चालत आलेल्या एखाद्या प्रतिष्ठित सल्ल्याच्या अंगावर बेतलेला असतो. म्हणून प्रत्येक वाक्यापाशी थांबून एकच विचारावं: हा मूळ कोणता सुविचार, आणि तो नेमका कुठे वळवलाय?

हे उपदेश मुख्यतः तीन ठिकाणी सापडतात. पहिलं, १८८२ सालचं तरुणांना उद्देशून केलेलं छोटं भाषण. दुसरं, १८९४ साली पुस्तकरूपात आलेली 'पुडनहेड विल्सन' ही कादंबरी. तिच्या प्रकरणांच्या डोक्यावर नायकाने लिहिलेल्या कॅलेंडरमधली वचनं आहेत. तिसरं, १८९७ सालचं 'फॉलोइंग द इक्वेटर' हे जगप्रवासाचं पुस्तक. त्यात त्याच कॅलेंडरची नवी आवृत्ती प्रकरणांच्या माथ्यावर येते. सुरुवात भाषणापासून करावी. ते एका बैठकीत संपतं आणि त्यात ट्वेनची रीत पूर्ण दिसते.

त्याच भाषणात, आईवडिलांची आज्ञा नेहमी पाळावी, ते समोर असतील तेव्हा, असा सल्ला आहे. इथे मराठीची एक खरी अडचण आहे. आपल्याकडे 'जेव्हा' आधी येतं आणि 'तेव्हा' मागून. "आईवडील समोर असतील तेव्हा त्यांची आज्ञा नेहमी पाळावी" हे व्याकरणात निर्दोष आहे, पण विनोद पहिल्याच तीन शब्दांत सांडून गेला. इंग्रजीत अट शेवटी येते आणि तीच कलाटणी आहे. मराठीत ती वाचवायची तर वाक्य तोडावं लागतं. "आईवडिलांची आज्ञा नेहमी पाळावी." मग श्वास. "ते समोर असताना." पूर्णविराम हवाच. स्वल्पविरामाने काम होत नाही, कारण स्वल्पविराम दिसला की अजून काही येणार याची डोळ्यांना चाहूल लागते.

काही वचनं मात्र मराठीत जशीच्या तशी उतरतात. "प्रयत्न केला तर संकटं सोसायला सहज शिकता येतं. दुसऱ्याची, म्हणजे." इथे आपलं लिंग-वचन मदतीला येतं. 'दुसऱ्याची' हा शब्द व्याकरणाने थेट 'संकटं'ला जाऊन चिकटतो, पुन्हा 'संकटं' म्हणावं लागत नाही. "संकटं, म्हणजे दुसऱ्याची संकटं" असं लांबवलं की तोच घास थंड होतो.

पक्ष्याचं प्रकरण सर्वांत अवघड. तरुणांसाठीच्या त्या भाषणात लवकर निजे, लवकर उठे या उपदेशाची पाळी येते. इंग्रजीत पहाटे उठणाऱ्याला 'चंडोलाबरोबर उठणारा' म्हणतात. ट्वेन म्हणतो, योग्य जातीचा चंडोल निवडा, त्याच्यावर नीट मेहनत घ्या, म्हणजे त्याला रोज साडेनऊला उठायचं वळण लावता येईल. मराठीत चंडोलाचा आणि पहाटेचा असा संबंध कुणाच्या बोलण्यात नाही, त्यामुळे शब्दशः भाषांतरात वाचक गोंधळून पुढे जातो. इथे कोंबडा घ्यावा. "कोंबड्याबरोबर उठावं" म्हटल्यावर सल्ल्याचा ओळखीचा सूर लागतो आणि मग साडेनऊला उठणारा कोंबडा डोळ्यांसमोर उभा राहतो. साडेनऊ मात्र बदलू नये. "उशिरा उठायचं वळण" असं मोघम केलं तर काहीच उरत नाही. ट्वेनच्या विनोदात आकडा, प्राणी आणि वस्तू नेहमी नेमक्या असतात. आवाज मोठा म्हणून काम मोठं ठरत नाही, हे सांगताना तो साधं अंडं घालून लघुग्रह घातल्यागत ओरडणारी कोंबडी आणतो. लघुग्रहाऐवजी 'मोठा पराक्रम' लिहून पाहा, फरक लगेच कळेल.

अंडी आणि टोपलीच्या वचनाकडे अनेकांचं दुर्लक्ष होतं. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका, असं मूर्ख म्हणतो. शहाणा म्हणतो, सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवा आणि त्या टोपलीवर नजर ठेवा. मूर्ख असं म्हणतो आणि शहाणा तसं म्हणतो, हा बायबलमधल्या नीतिवचनांचा थाट आहे. दासबोधातलं मूर्खलक्षण कानावरून गेलेल्या मराठी वाचकाला तो परका वाटू नये. भाषांतरात तो गंभीर, थोडा जुना सूर ठेवावा, बोलीभाषेत आणू नये. या वचनामागे एक हळवी बाजूही आहे. ट्वेनने स्वतः पेज नावाच्या संशोधकाच्या अक्षरजुळणी यंत्रात अमाप पैसा ओतला होता. ते यंत्र चाललं नाही, त्याची प्रकाशनसंस्था १८९४ साली बुडाली आणि कर्ज फेडण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावर तो व्याख्यानांच्या जगप्रवासाला निघाला. हे ठाऊक झालं की टोपलीवर नजर ठेवण्याचा सल्ला वेगळाच ऐकू येतो.

विल्सनचं कॅलेंडर वाचताना संदर्भ सोडू नये. डेव्हिड विल्सन हा तरुण वकील मिसिसिपीकाठच्या एका गावात येतो. पहिल्याच दिवशी एक कुत्रं भुंकून उच्छाद मांडतं, तेव्हा तो म्हणतो, हे कुत्रं अर्धं माझं असतं तर बरं झालं असतं, मी माझा अर्धा भाग मारून टाकला असता. गावकरी हे अक्षरशः घेतात, त्याला मठ्ठ ठरवतात आणि वीसेक वर्षं त्याची वकिली चालत नाही. पुढे त्याचं कॅलेंडर काही लोकांना दाखवलं जातं, तेव्हा तेही ते तितक्याच सरळपणे वाचतात आणि तो मठ्ठ असल्याची त्यांची खात्री पटते. विनोदी उपदेश चुकीचा कसा वाचावा, हे ट्वेनने गोष्टीतच दाखवून ठेवलंय. शिवाय ही कथा गुलामगिरीची आहे. एक गुलाम आई आपलं बाळ मालकाच्या बाळाशी बदलते, इथून ती सुरू होते. प्रकरणावरचं वचन हसवतं आणि खालचं प्रकरण घशात अडकतं. नुसती वचनं वेचून वाचली तर निम्मं पुस्तक हातातून निसटतं.

वाचायची पद्धत सांगायची तर दिवसाला चार-पाच वचनं पुरेत. वीस वचनं सलग वाचली की सहाव्या-सातव्यापासून कलाटणी आधीच दिसू लागते आणि मन थकतं. आधी वचन, मग प्रकरण, मग पुन्हा वचन, असा क्रम ठेवावा. आदामाला सफरचंद हवं होतं ते केवळ मनाई होती म्हणून, सापाला मनाई केली असती तर त्याने साप खाल्ला असता, हे वचन दुसऱ्या वाचनात जास्त रंगतं.

मोठ्याने वाचणार असाल तर चेहरा गंभीर हवा. विनोदी गोष्ट कशी सांगावी, यावर ट्वेनने १८९५ साली लेख लिहिला. त्याचं सांगणं असं की, आपण काही गमतीचं बोलतोय याची सांगणाऱ्याला कल्पनाच नाही, असं वाटलं पाहिजे. विरामाबद्दल तो फार काटेकोर होता. विराम आखूड पडला तर ऐकणारा तयार नसतो आणि लांबला तर त्याला पुढचं कळून चुकतं. साधारण एका श्वासाचा विराम घेऊन पाहावा. शेवटच्या शब्दावर आवाज चढवू नये, तो किंचित खाली आणावा. वाचणारा आधी हसला की ऐकणाऱ्याचं हसू गेलंच. वाचून झाल्यावर अर्थ समजावणं तर कटाक्षाने टाळावं.

ट्वेनच्या नावावर खपवलेली वाक्यंही खूप आहेत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या उन्हाळ्यात सर्वांत कडक थंडी अनुभवल्याचं वाक्य त्याच्या लिखाणात सापडत नाही. वीस वर्षांनी केलेल्यापेक्षा न केलेल्या गोष्टींची खंत वाटेल, हेही त्याचं नाही. हे दुसरं तर वाचतानाच ओळखू यावं, कारण त्यात कलाटणी नाही, तो सरळ सुविचार आहे. वाक्याखाली पुस्तक आणि प्रकरण दिलेलं नसेल तर ते पुढे पाठवू नये.

मराठी वाचकाने प्रवासाच्या पुस्तकातली मुंबईची प्रकरणं आवर्जून वाचावीत. जानेवारी १८९६ मध्ये ट्वेन मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरला होता. आज काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन म्हणून उभी आहे ती बिडाची इमारत हीच. बाल्कनीच्या कठड्यावर जमणाऱ्या कावळ्यांवर त्याने लिहिलंय. कावळे त्याच्या कपड्यांवर, रंगरूपावर आणि भारतात येण्याच्या कारणांवर चर्चा करतात आणि त्याला संकोचून जावं लागतं. उपदेश करणारा माणूस इथे स्वतः उपदेशाच्या माऱ्यात सापडलेला दिसतो.