२,१४,७४,८३,६४७ मूळ आहे हे कसं तपासायचं

२^३१ − १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, ही संख्या मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरनं १७७२ साली दाखवलं. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित वर येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं म्हटलं तर पावणेपाच हजारांच्या आसपास भागाकार होतात. ऑयलरनं भागायला बसण्याआधीच त्यातल्या बहुतेक संख्या बाद केल्या, आणि खरं सौंदर्य तिथेच आहे.

समजा क हा तिचा मूळ भाजक आहे. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. फर्माचं प्रमेय सांगतं की २^(क − १) लाही क ने भागून बाकी १ उरते; ३१ स्वतः मूळ असल्यामुळे ३१ नं क − १ ला भाग जायलाच हवा. क विषम आहे, म्हणून क = ६२म + १. शिवाय २^३२ ला, म्हणजे २^१६ च्या वर्गाला, क ने भागून बाकी २ उरते. असं घडायचं तर क ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च यावी लागते. दोन्ही अटी जुळवल्या की क ला २४८ ने भागून बाकी फक्त १ किंवा ६३ येऊ शकते. ४६,३४० पर्यंत १ सोडून अशा ३७३ च संख्या आहेत. त्यातल्याही ६३, २४९, ४९७ अशा कितीतरी संयुक्त म्हणून गळतात; पहिली मूळ संख्या ३११.

भागाकारच नको असतील तर लुकास-लेमर चाचणी. ४ पासून सुरुवात: वर्ग करा, २ वजा करा, २^३१ − १ नं भागून बाकी ठेवा. ४, १४, १९४, ३७,६३४, १,४१,६३,१७,९५४. पुढचं पद २००५९५६५४६८२२७४६११४. इथेही भागाकार लागत नाही: बायनरीत खालचे ३१ बिट (१,८८,३०,५८,१७८) आणि वरचा भाग (९३,४०,९६,३०७) यांची बेरीज करायची, ती २^३१ − १ पेक्षा मोठी आली तर त्यातून २^३१ − १ एकदा वजा करायची. उरतात ६६,९६,७०,८३८. हीच पायरी एकूण २९ वेळा केली की शून्य येतं, आणि संख्या मूळ ठरते.

२ हा पाया घेऊन फर्माची चाचणी (२^(संख्या − १) ला संख्येनं भागून बाकी १ येते का पाहणं) मात्र इथे लावू नका. घातांक मूळ असेल तर अशी प्रत्येक संख्या, अगदी २^११ − १ = २०४७ सुद्धा, त्यात पास होते, आणि २०४७ म्हणजे २३ × ८९.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत एकेक भाजक तपासणारा साधा लूप लिहिणाऱ्यांसाठी एक इशारा. ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकाची कमाल किंमत हीच संख्या आहे. त्यामुळे ‘भाजकाचा वर्ग संख्येपेक्षा मोठा झाला की थांब’ ही अट कधीच लागू होत नाही: ४६,३४१ चा वर्ग ओव्हरफ्लो होऊन (३२ बिटांत न मावल्यामुळे) −२,१४,७४,७९,०१५ होतो. लूप थेट संख्येपर्यंत जातो, तिला तिच्यानंच भाग जातो, आणि प्रोग्रॅम ती संयुक्त असल्याचं सांगतो. वर्ग करण्याऐवजी ‘भाजक ≤ संख्या ÷ भाजक’ अशी अट लिहा.