पिशवीत राहिलेला ठोकळा

सकाळचा पहिलाच फोन काकांचा. "दिवा लागतो, पण पडदा काळाच. तीन-चार वेळा बंद-चालू करून पाहिलं."

"आता हात लावू नका, घेऊन या. आणि पॉवर सप्लायसुद्धा आणा," एवढं बोलून मी फोन ठेवला आणि कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली.

काकांचा 'कमोडोर ६४' हा जुना घरगुती संगणक वर्षभरापूर्वी माझ्याकडेच आला होता. १९८२ साली बाजारात आलेलं हे मॉडेल. काका तरुणपणी त्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले आणि आता दर रविवारी नातवाला शिकवतात. वापर झाला की यंत्रावर कापड टाकणार, केबल ओढून काढणार नाहीत, कार्ट्रिज घालताना यंत्र बंद आहे ना ते दोनदा पाहणार. इतकं जपणारा माणूस माझ्या टेबलाशी क्वचित येतो.

वहीत त्या वेळचं सगळं काम लिहिलेलं होतं. की-बोर्ड पूर्ण खोलून प्रत्येक बटणाखालचा रबरी कॉन्टॅक्ट आणि त्याच्या समोरची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. सॉकेटमधल्या चिप तापून-निवून हळूहळू वर सरकतात, त्या काढून नीट बसवल्या. डेटासेटचं, म्हणजे कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचणाऱ्या यंत्राचं, हेड साफ केलं, हेडचा कोन स्क्रूनं जुळवला. शेवटी "उत्तम चालतो" असा शेरा. दोन दिवसांचं काम होतं आणि मी ते मन लावून केलं होतं.

व्होल्टेजचा आकडा मात्र त्या पानावर कुठेच नव्हता.

का नव्हता, ते लगेच आठवलं. टेबलावर येणारं प्रत्येक यंत्र मी माझ्याच सप्लायवर चालवतो. काकांचा सप्लायचा ठोकळा त्या दोन दिवसांत पिशवीतून बाहेर आलाच नव्हता. यंत्र सुधारलं, आणि ज्याच्यावर ते घरी चालणार होतं तो ठोकळा न तपासता मी परत दिला.

काका आले तेव्हा मी यंत्र बाजूला ठेवलं आणि आधी तो ठोकळा मागितला. या ठोकळ्यातून दोन प्रकारची वीज निघते: ९ व्होल्ट एसी आणि ५ व्होल्ट डीसी. आतला सगळा भाग राळेत ओतून घट्ट केलेला असतो, त्यामुळे उघडून दुरुस्त करायची सोय नाही आणि उष्णतेलाही बाहेर पडायला वाट नाही. वर्षानुवर्षं असं भाजत राहून आतला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा भाग, थकतो. जुनी वस्तू थकली की कमी देते असा आपला अनुभव. हा रेग्युलेटर बिघडतो तेव्हा पुष्कळदा जास्त देऊ लागतो, आणि घात तिथेच होतो. आतल्या बहुतेक चिपना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट चालतात. त्याच्यावर गेलं की त्यांचं आयुष्य पणाला लागतं.

नुसता मल्टिमीटर टेकवून पाहण्यात अर्थ नव्हता. मी ५ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर लोड म्हणून जोडला, म्हणजे साधारण १ अँपिअर ओढला जातो. पहिला आकडा ५.०८. काकांचा चेहरा खुलला. "बघा, हा तर ठीक आहे!"

"थांबू या जरा," मी म्हणालो.

वीस मिनिटांनी ५.३१. ठोकळा हाताला चांगलाच गरम लागत होता. चाळिसाव्या मिनिटाला मीटरनं ६.१ दाखवले आणि मी सप्लाय बंद केला. गेल्या रविवारी नेमकं काय झालं ते काकांनी तेव्हा सांगितलं. अर्धा-पाऊण तास सगळं सुरळीत चाललं, मग पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली, आणि मग काळोख.

"म्हणजे मी दर रविवारी याला..." त्यांना पुढे बोलवेना.

"तुम्ही नाही, काका. हे मोजणं माझं काम होतं. मी मोजलं नाही."

ते काही बोलले नाहीत. मान हलवून शेजारच्या खुर्चीत बसले आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत.

यंत्र उघडून माझा सप्लाय दिला आणि मिनिटभरानं एकेका चिपवर बोट टेकवत गेलो. मेमरीच्या ४१६४ जातीच्या आठ चिप ओळीनं बसवलेल्या असतात. त्यातल्या दोन इतक्या तापलेल्या की बोट ठेववेना. आतून शॉर्ट झाल्याची ही खूण. त्या सोल्डर केलेल्या होत्या. अशी चिप अख्खी उपटायच्या नादात बोर्डाचा ट्रॅक उखडतो, आणि मेलेल्या चिपपेक्षा बोर्ड मोलाचा. म्हणून आधी तिचे सोळाही पाय कापले, मग एकेक पाय तापवून चिमट्यानं काढला, भोकं साफ केली आणि सॉकेट बसवली. दोन चिपना दुपार गेली.

नव्या चिप घालून चालू केलं आणि निळा पडदा आला. काका उठून उभे राहिले. पण ३८९११ बाइट मोकळे आहेत असं लिहून यायला हवं होतं, तिथे आकडा होता २४५७३.

चालू होताना हे यंत्र आपली मेमरी क्रमानं तपासत जातं आणि पहिली खोट जिथे सापडेल तिथेच थांबून तिथवरचाच हिशोब दाखवतं. त्यामुळे कमी आकडा म्हणजे बिघाडाचा पत्ताच. दाखवलेल्या आकड्यात २०४९ मिळवायचे, की खराब जागा मिळते: २६६२२. त्या पत्त्यावर शून्य पोक केलं, म्हणजे लिहिलं, आणि पीक करून परत वाचलं, तर उत्तर आलं १६. आठ चिपांपैकी प्रत्येकीकडे बाइटचा एकच बिट असतो. १६ हा दोनाचा चौथा घात, म्हणजे बिट क्रमांक ४ एकावरच अडकला होता. सर्किटच्या नकाशात त्या बिटची चिप शोधली. ही तापतही नव्हती. नुसत्या बोटावर विसंबलो असतो तर ती तशीच राहिली असती. तिसरीही बदलली. ३८९११.

व्हिक, म्हणजे चित्राची चिप, सुखरूप होती. काकांच्या या जुन्या बोर्डावर तिचे ५ व्होल्ट ९ व्होल्ट एसीपासून बोर्डावरच तयार होतात, ठोकळ्यातून थेट येत नाहीत. प्रोसेसर आणि आवाजाची सिड चिप यांना ते संरक्षण नव्हतं. त्या कशा वाचल्या याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

जुनी यंत्रं घेऊन येणारे बहुतेक जण आधी पिवळ्या पडलेल्या खोक्याबद्दल विचारतात: ते पुन्हा पांढरं होईल का? हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उजेड यांनी होतं. पण त्या पिवळेपणानं एकही चिप मरत नाही. मला आता वाटतं, ती हौस मागाहून करावी. लोड लावून तासभर मोजणं आधी.

काकांना मी नवा सप्लाय दिला. व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच तो स्वतःच वीज तोडतो. तरीही तोसुद्धा त्यांच्यासमोर तासभर लोडवर ठेवला आणि दर दहा मिनिटांचा आकडा वहीत लिहिला. त्यांनी खिशातली डायरी काढून तेच आकडे उतरवून घेतले.

"जुना ठोकळा द्याल ना? मूळ खोक्यात ठेवायचा आहे."

मी कटरनं त्याचा सात पिनांचा प्लग मुळापासून कापला आणि मग तो त्यांच्या हातात दिला. उद्या नातवानं हौसेनं जोडला असता तर? काकांनी कापलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं आणि ठोकळा पिशवीत ठेवला.

मग त्यांनी कॅसेट काढली, त्यांनी स्वतः कधीकाळी लिहिलेल्या प्रोग्रॅमची. डेटासेटचं बटण दाबलं, प्रोग्रॅम सापडल्याची ओळ आली आणि पडदा कोरा झाला. टेप वाचताना कमोडोर ६४ चित्र बंद करतो, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक. तरी काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मीटरकडे. ५.०४. टेप फिरत होती. बऱ्याच वेळानं "रेडी" आलं आणि काकांनी "रन" टाइप केलं.